गणवेश उतरला, अमानत उरली

फौजेतून निवृत्त झालेला माणूस गावी परतला की त्याच्या वाट्याला काय येते, हे आपल्या वाशिम जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कोणी शेती पाहतो, कोणी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवतो. पण फौजेच्या अगदी वरच्या पायरीवर पोहोचलेल्या काही अधिकाऱ्यांवर निवृत्तीनंतर सरकारने वेगळीच जबाबदारी सोपवली. त्यांना परदेशात भारताचे राजदूत म्हणून पाठवले. अशा दोघांची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. पहिले भूदलाचे प्रमुख जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर आणि दुसरे हवाई दलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ.

राजदूत म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेऊ. राजदूत हा राष्ट्रपतींचा प्रतिनिधी असतो. राष्ट्रपतींच्या सहीचे अधिकारपत्र तो त्या देशाच्या प्रमुखाच्या हाती देतो आणि मगच त्याचे काम रीतसर सुरू होते. राष्ट्रकुलातील देशांत याच पदाला उच्चायुक्त म्हणतात. एरवी या पदांवर परराष्ट्र सेवेतील अधिकारी असतात. पण सरकार बाहेरच्या अनुभवी माणसालाही नेमू शकते. जनरल करिअप्पा १९५३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उच्चायुक्त म्हणून गेले. पुढे जनरल थापर अफगाणिस्तानात, तर जनरल चौधरी आणि जनरल रैना कॅनडात गेले. राजदूत तिथे जे बोलतो ते त्याचे स्वतःचे मत नसते. देशाचा शब्द त्याच्याकडे ठेव म्हणून दिलेला असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर ती अमानत असते.

बेवूर यांचा जन्म ११ ऑगस्ट १९१६ रोजी सिवनी येथे झाला. सिवनी आज मध्य प्रदेशात आहे. त्या काळी ते मध्यप्रांतात होते आणि आपले वाशिमही अकोला जिल्ह्यातले एक गाव म्हणून त्याच प्रशासनाखाली होते. लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ रोजी हैदराबादचा. त्या हैदराबादशीही आपले नाते जुने आहे. १९०२ च्या करारानंतर वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला, तरी कागदावर वऱ्हाड निजामाचेच राहिले. पुढे निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. म्हणजे एक जण आपल्या पणजोबांच्या प्रांतातला आणि दुसरा त्यांच्या नावापुरत्या राजाच्या राजधानीतला.

बेवूर यांचे वडील सर गुरुनाथ बेवूर आय.सी.एस. अधिकारी होते. टपाल व तार खात्याच्या महासंचालकपदापर्यंत ते पोहोचले. मुलाने मात्र फौज निवडली. डेहराडूनच्या सैनिकी शिक्षणानंतर १९३७ मध्ये ते अधिकारी झाले आणि त्यांची नेमणूक दहाव्या बलुच रेजिमेंटमध्ये झाली. या रेजिमेंटमध्ये पंजाबी मुसलमान आणि पठाण जवानांचा मोठा भरणा होता, सोबत डोग्रा होते. हे जवान नमाज पढणारे, रोजे ठेवणारे, आणि त्यांचा अधिकारी मराठी घरातला हिंदू तरुण. अशा पलटणीत अधिकाऱ्याला जवानांची भाषा, त्यांचे सण, त्यांच्या खाण्यापिण्याच्या रीती समजून घ्याव्याच लागतात. वायव्य सरहद्द आणि ब्रह्मदेशची आघाडी त्यांनी याच काळात पाहिली.

मग फाळणी आली. जमीन, खजिना, रेल्वेचे डबे यांच्याबरोबर फौजही वाटली गेली. बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. ज्या जवानांबरोबर दहा वर्षे काढली ते सीमेपलीकडे गेले आणि बेवूर डोग्रा रेजिमेंटमध्ये आले. १९७१ च्या युद्धात ते दक्षिण विभागाचे प्रमुख होते. या विभागाचे मुख्यालय पुण्यात. पण युद्धात त्याच्याकडे राजस्थानच्या वाळवंटाची आघाडी होती. लोंगेवालाची प्रसिद्ध लढाई याच आघाडीवर झाली. १९७२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जानेवारी १९७३ मध्ये फील्ड मार्शल माणेकशा यांच्यानंतर ते भूदलाचे प्रमुख झाले आणि मे १९७५ पर्यंत त्या पदावर होते. त्यांना मिळालेल्या मुदतवाढीमुळे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी लेफ्टनंट जनरल भगत यांची संधी हुकली, ही चर्चा तेव्हा झाली आणि आजही होते. १९७६ मध्ये ते डेन्मार्कला भारताचे राजदूत म्हणून गेले. २४ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

इद्रिस लतीफ यांची कहाणी आपल्या घरांतून जास्त सांगितली जायला हवी. त्यांचे वडील हैदराबाद संस्थानात अभियंता होते. निजाम कॉलेजात शिकलेला हा मुलगा १९४२ मध्ये, वयाची १९ वर्षेही पूर्ण झालेली नसताना, हवाई दलात अधिकारी झाला. कराचीहून अरबी समुद्रावर गस्त घालणे हे त्याचे पहिले काम. नंतर इंग्लंडमध्ये प्रशिक्षण झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवरही उड्डाणे झाली. त्या काळात असगर खान आणि नूर खान हे त्यांचे सहकारी होते. फाळणीच्या वेळी या दोघांनी पाकिस्तानची वाट धरली आणि पुढे दोघेही तिकडच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफ यांनीही यावे, असा आग्रह त्यांना झाला. ते तेव्हा २४ वर्षांचे होते. जवळचे मित्र बोलावत होते आणि नव्या दलात बढतीही लवकर मिळण्यासारखी होती. त्यांनी नकार दिला. आपला दीन आपल्याजवळ आहे आणि आपले वतन इथे आहे. एक सांभाळण्यासाठी दुसरे सोडावे लागत नाही, अशी त्यांची धारणा होती.

या निर्णयाची किंमत आज आपल्याला पुरती कळत नाही. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी हवाई दलाचे नेतृत्व नूर खान यांच्याकडे होते. म्हणजे ज्यांच्याबरोबर एका मेसमध्ये जेवण केले, तेच समोर उभे होते. त्याआधी अमेरिकेतील आपल्या दूतावासात हवाई सल्लागार म्हणून लतीफ यांनी काम केले होते. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते हवाई दलाच्या मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी पाहत होते. १ सप्टेंबर १९७८ रोजी ते हवाई दलाचे प्रमुख झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले मुस्लिम अधिकारी. जग्वार विमाने हवाई दलात आली ती त्यांच्याच कारकिर्दीत.

निवृत्तीनंतर मार्च १९८२ ते एप्रिल १९८५ या काळात ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या पत्नी बिल्किस लतीफ राजभवनाच्या भिंतीआड बसून राहिल्या नाहीत. धारावीच्या वस्तीत जाऊन त्यांनी काम केले. त्या लेखिकाही होत्या. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८५ मध्ये लतीफ फ्रान्सचे राजदूत झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये भारत महोत्सव सुरू झाला आणि फ्रान्सची मिराज विमाने आपल्या हवाई दलात दाखल होऊ लागली. विमानांची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस त्या वेळी तिथे आपला प्रतिनिधी होता. १९८८ मध्ये ते हैदराबादला परतले. ३० एप्रिल २०१८ रोजी त्यांचा इंतकाल झाला.

या दोघांना एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. फाळणीने बेवूर यांची पलटण नेली, लतीफ यांचे दोस्त नेले. दोघांपैकी कोणीही त्या दुःखाचे वैर केले नाही आणि आपल्या कामातही कसूर केली नाही. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाला समजून घेण्याची सवय फौजेने त्यांना तरुणपणीच लावली होती. परक्या देशात तीच कामी आली असणार.

आता आपल्या घरांकडे वळू. वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठल्याही मोहल्ल्यात जा. दहावीचा निकाल लागला की दुकान, गॅरेज, आयटीआय, फार तर डी.एड. किंवा फार्मसी, एवढ्यावरच बोलणे थांबते. फौजेत अधिकारी होण्याचा विषय बहुतेक घरांत निघतच नाही. 'आपल्याला कोण घेणार?' असे अब्बा म्हणतात आणि अम्मी लढाईच्या भीतीने गप्प राहतात. अम्मींची भीती खरी आहे, तिला हसू नये. पण अब्बांच्या प्रश्नाला इद्रिस लतीफ यांचे आयुष्य हेच उत्तर आहे. भेदभाव कुठेच नसतो असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जो अर्जच भरत नाही, त्याची निवड कोणतीही समिती करू शकत नाही.

वाट अशी आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे खडकवासल्याची एनडीए. तिची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे वयाच्या अविवाहित मुलांसाठी ती आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींनाही खुली झाली आहे. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. लेखी परीक्षेनंतर काही दिवस चालणारी मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. दहावीत असतानाच तिथला अर्ज भरायचा असतो. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. परराष्ट्र सेवेत थेट जायचे असेल तर पदवीनंतर लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा आहे.

प्रत्येक मुलगा जनरल होणार नाही आणि प्रत्येक जनरल राजदूत होत नाही. पण आपल्या मुलामुलींसमोर पर्याय मांडताना ही दोन नावे त्यांना जरूर सांगा. दहावीच्या वर्षातच सांगा, कारण साडेएकोणीस वर्षे फार लवकर उलटतात.