रंगभरण, प्रौढांचे
आधीच आखलेल्या वा छापलेल्या बाह्यरेखांच्या आत आपल्या पसंतीचे रंग भरण्याचा छंद. यात आकृतीची रचना दुसऱ्याने केलेली असते. रंगांची निवड, त्यांची संगती व छटा एवढ्याच गोष्टी रंग भरणाऱ्याच्या हाती राहतात. रंगभरण सामान्यतः बालशिक्षणाशी निगडित मानले जाते. तथापि प्रौढांसाठीची अशी पुस्तके जुनी आहेत. लंडनमध्ये १७६०च्या सुमारास द फ्लोरिस्ट हे फुलांच्या बाह्यरेखांचे पुस्तक हौशी स्त्री-पुरुषांसाठी निघाले. मुलांच्या रंगपुस्तिका अमेरिकेत १८८०च्या सुमारास मॅक्लॉक्लिन ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने काढल्या. स्कॉटिश चित्रकर्ती जोहॅना बॅसफर्ड हिच्या सीक्रेट गार्डन (२०१३) या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २०१५च्या सुमारास हा छंद जगभर पसरला.

आकर्षणाची कारणे : कोऱ्या कागदासमोर ‘काय काढावे’ हा प्रश्न अनेक प्रौढांना संकोचात टाकतो, बाह्यरेखा तयार मिळाल्याने तो सुटतो. काम लहान लहान भागांत विभागलेले असते, चूक फारशी नडत नाही आणि शेवट डोळ्यांसमोर असतो. हात व दृष्टी यांच्या संथ, आवर्ती हालचालीत लक्ष गुंतून राहते. कर्री व कॅसर यांनी २००५ मध्ये ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात वर्तुळाकार मंडलाकृती वा चौकड्यांची आकृती रंगविणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर रंगकाम करणाऱ्यांपेक्षा अधिक घटल्याचे आढळले. हा परिणाम तात्कालिक होय. त्यावरून रंगभरणाला मानसोपचार म्हणता येत नाही. कलोपचारात प्रशिक्षित उपचारकाचा सहभाग आवश्यक असतो.

ठिपक्यांची रांगोळी : मराठी प्रदेशात या छंदाचे सर्वांत निकटचे रूप म्हणजे रांगोळी. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या, भातशेतीच्या तालुक्यांतही सणावाराला अंगण शेणाने सारवून त्यावर रांगोळी घालतात. पांढरे चूर्ण शिरगोळ्यांपासून करतात. कोकणात भाताची फोलपटे जाळूनही ते तयार करण्याची रीत आहे. प्रथम ठिपके, मग ते जोडणाऱ्या रेषा आणि शेवटी चिमटीने सोडलेले रंग असा क्रम असतो. बाजारात मिळणाऱ्या रांगोळीच्या पुस्तकांत आकृतीसोबत ठिपक्यांची संख्या दिलेली असते. उदा., ‘११ ते ६’ याचा अर्थ मधल्या ओळीत ११ ठिपके मांडून वर व खाली एकेक ठिपका कमी करीत ६ पर्यंत यावयाचे. असे एकूण ९१ ठिपके होतात. येथे पुस्तक मोजमाप व नमुना देते. रेषा मात्र घालणारीच्या बोटांतून उतरावी लागते. एक ठिपका चुकला, तर पुढची रेषा जुळत नाही. रंगपुस्तिकेत नसलेले हे कौशल्य रांगोळीत सरावाने येते आणि कालची आकृती पुसून आज नवी घालावयाची असल्याने सरावाला खंड पडत नाही.

चौक : शहापूर-मुरबाड भागात ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली या आदिवासी जमाती राहतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर डहाणू, तलासरी, जव्हार इ. वारल्यांची प्रमुख वस्ती असलेले तालुके त्यात गेले. शहापूर व मुरबाड ठाणे जिल्ह्यातच राहिले. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर लग्नचौक काढतात. या कृतीला ते ‘लिहिणे’ असे म्हणतात. ठाकरांच्या लग्नविधीतही चौक असतो. वारली चौकासाठी भिंत शेण व गेरूने सारवितात, तांदूळ भिजवून वाटतात आणि त्या पांढऱ्या लेपात बांबूची काडी बुडवून सवाशिणी रेषा काढतात. चौकटीच्या पट्ट्या बारीक नक्षीने भरल्या जातात. मधोमध पालघट देवी असते. धवलेरी विधीची गाणी म्हणते. येथे छापील नमुना नसतो. आकृती स्मरणात व विधीत असते. तिला ठरावीक चौकट असली, तरी प्रत्येक घरचा चौक नव्याने लिहिला जातो. म्हणून चौक हा विरंगुळा नव्हे, मात्र ठरलेल्या चौकटीत तन्मयतेने नक्षी भरण्याचा अनुभव त्यातही आहे.

मूल्यमापन : रंगपुस्तिकेत रेषा आयती मिळते, रांगोळीत केवळ ठिपके व नमुना मिळतो, तर चौकात परंपरेने ठरलेली मांडणी मिळते. आयत्या मदतीचे प्रमाण जितके अधिक, तितका आरंभ सोपा. पण स्वतःची रेषा घडण्याची शक्यता तितकीच कमी. वारली आकृत्यांच्या बाह्यरेखा रंगभरणासाठी छापल्या जातात, तेव्हा गेरूवरील एकट्या पांढऱ्या रंगाचा मूळ संयम सुटतो आणि ज्या स्त्रियांनी ती आकृती जतन केली, त्यांचा उल्लेखही बहुधा गळतो. अशा पुस्तिकांत आकृतीचा उगम व विधीतील स्थान नोंदविणे उचित ठरते. विरंगुळा म्हणून रंगपुस्तिका निरुपद्रवी व स्वस्त आहे. तिच्यावरून पुढे ठिपक्यांकडे आणि ठिपक्यांवरून मोकळ्या रेषेकडे वळता आले, तर तीच चित्रकलेची पहिली पायरी ठरू शकते.