मळीच्या बुडबुड्यांत वीज सोडली तर

लातूर-नांदेडकडे हंगाम लागला की सगळ्यांच्या नजरा धुराड्याकडे. साखर कारखाना मांजरा असो की भाऊराव चव्हाण, धूर दिसला म्हणजे गाळप सुरू. पण कार्बन डायऑक्साइडच्या मागे लागलेल्या रसायनतज्ज्ञाला त्या धुरात फारसा रस नसतो. बॉयलरच्या धुरात हा वायू जेमतेम दहा-पंधरा टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन आणि वाफ. त्याचा डोळा डिस्टिलरीवर असतो. तिथल्या फर्मेंटरमध्ये मळीतल्या साखरेवर यीस्ट तुटून पडलेलं असतं. वर तपकिरी फेस, आंबूस वास, आणि त्या फेसातून रात्रंदिवस उसळणारा, जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड!

180 ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त 92 ग्रॅम इथेनॉल मिळतं आणि त्याच्याबरोबर 88 ग्रॅम हा वायू. म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं लिटरभर इथेनॉल तयार होताना पाऊण किलो वायूही तयार होतो. काही डिस्टिलऱ्या तो पकडून सोडा-वॉटरला, ड्राय आइसला विकतात. नाही पकडला तर हवेत.

आता त्याचं करायचं काय? कार्बन डायऑक्साइड ही कार्बनची राख. जळायचं ते सगळं जळून चुकलेलं. तिच्यातून पुन्हा काही घडवायचं तर ऊर्जा बाहेरून भरावी लागते, आणि ती विजेने भरता येते. क्षार घातलेल्या पाण्यात दोन इलेक्ट्रोड, त्यांतल्या कॅथोडपाशी हा वायू. कॅथोडवरून इलेक्ट्रॉन वायूत शिरतात, पाण्यातून हायड्रोजन येऊन चिकटतो, आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन सुटतो. गंमत पुढे आहे. कॅथोडचा धातू बदलला की माल बदलतो. कथील किंवा बिस्मथ लावा, फॉर्मिक आम्ल मिळतं. हेच ते मुंगीच्या चाव्यातलं आम्ल. चांदी लावा, कार्बन मोनॉक्साइड. प्लॅटिनम लावलं तर पाण्यातला हायड्रोजनच तेवढा हाती लागतो.

आणि तांबं? जपानमधल्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी यांनी 1980 च्या दशकात धातूमागून धातू लावून पाहिले, तेव्हा तांब्यावर मिथेन निघाला, इथिलीनही निघालं. इथिलीन म्हणजे पॉलिथिनचा कच्चा माल. उसात अंथरलेली ठिबकची नळी त्याचीच. चांदी कार्बन मोनॉक्साइडला चटकन सोडून देते, प्लॅटिनम त्याला इतकं घट्ट धरतं की पुढे काही घडतच नाही. तांबं मात्र त्याला बेताचं धरतं. तेवढ्यात शेजारचे दोन कार्बन एकमेकांना जोडले जातात. घरातल्या वायरीतला हा धातू हे करतो, आणि साध्या धातूंत त्याच्यासारखं करणारा दुसरा नाही.

मराठवाड्यातला माणूस यावर पहिला प्रश्न विचारणार, पाणी किती लागतं? 2015 मध्ये पाण्यावाचून परळीचं औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं, 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. इथे हा प्रश्न चुकत नाही. उत्तर दिलासा देणारं आहे. त्या पाऊण किलो वायूचं सगळं फॉर्मिक आम्ल केलं तर अभिक्रियेत खर्च होणारं पाणी सुमारे 310 ग्रॅम, दीड पेलाभर. (उसाच्या तहानेबद्दल इथे न बोललेलं बरं.)

खरी मेख विजेची. तेवढं आम्ल करायला, एकही इलेक्ट्रॉन वाया न जाता 3 व्होल्टवर, पावणेतीन युनिट वीज हवी. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पाऊण किलो वाचवायला जवळजवळ दोन किलो सोडायचा! असला धंदा न केलेला बरा. वीज सूर्याची किंवा वाऱ्याचीच हवी. ऊन इथे भरपूर, पण फर्मेंटर रात्रीही चालतो. तेव्हा रात्रीचा वायू दाबून टाकीत ठेवायचा. ड्राय आइसवाले तसं करतातच, त्यामुळे ते अवघड नाही.

अवघड आहे ते इलेक्ट्रोडचं हे भांडं, म्हणजे सेल, टिकवणं. हा वायू लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच विरघळतो, म्हणून तो सच्छिद्र इलेक्ट्रोडमधून थेट आत सोडावा लागतो. मग त्याच छिद्रांत कार्बोनेटचे क्षार साचून ती बुजतात. तांब्याचा पृष्ठभागही चालता चालता बदलतो. चार महिन्यांचा हंगाम म्हणजे सुमारे 2,900 तास, आणि तांब्याच्या सेलला तो पल्ला गाठणं फार जड जातं. आयआयटी मुंबईत 2022 मध्ये कार्बन पकडून वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र जाहीर झालं, ते या वायूला कामाला लावण्यासाठीच.

माझं मत विचाराल तर ठिबकच्या नळीची घाई नको. इथिलीनच्या एका रेणूला बारा इलेक्ट्रॉन लागतात, फॉर्मिक आम्लाला दोनच. शिवाय ते द्रव, टँकरमध्ये भरता येतं. कातडी कमावायला, रबराचा चीक गोठवायला लागतं, आणि मुरघास टिकवायलाही. मुरघासाचं गिऱ्हाईक तर कारखान्याला ऊस घालणाऱ्याच्याच गोठ्यात आहे.