अतिशयोक्ति म्हणजे थाप नव्हे

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें, मागच्या बाजूस कीर्तन करणाऱ्या नामदेवांकडे देवळानें तोंड फिरविलें, ही कथा वाचकांस ठाऊक असेलच. ती ऐकून सुशिक्षित तरुण झटकन् उद्गारतो, “ही अतिशयोक्ति!” शब्द चुकला. घडलें म्हणून परंपरेनें सांगितली जाते ती आख्यायिका. तिजवर श्रद्धा ठेवा वा शंका घ्या. अतिशयोक्ति हा अलंकार आहे. तो घटनेचा नव्हे, उक्तीचा धर्म.

‘मुख चंद्रासारखें’ ही उपमा. ‘मुख जणूं चंद्रच’ ही उत्प्रेक्षा. ‘मुख हा चंद्रच’ हें रूपक. आणि मुखाचें नांवही न घेतां ‘खिडकींत चंद्र उगवला’ म्हटलें कीं अतिशयोक्ति! येथें उपमानानें उपमेय गिळूनच टाकलें. अकराव्या शतकांतील मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त हाच तिचा पहिला प्रकार सांगितला आहे. लोकसीमा ओलांडणारें वर्णन, ही दंडीची व्याख्या त्याहून जुनी. पण तींतही हेतु वस्तूचा विशेष दाखविण्याचा, ऐकणारास फसविण्याचा नव्हे. खिडकींत खरोखर चंद्र नाहीं, हें कवीस ठाऊक असतें आणि श्रोत्यासही.

शेजाऱ्यानें दोन मण ज्वारीची चार मण करून सांगितली, तर तिला खुशाल थाप म्हणावें. अलंकाराचा मान कशाला?