डिग्री, फॅट आणि आईचे दूध

इंदापूर-बारामती हा भाग उसाइतकाच दुधासाठीही ओळखला जातो. पुणे-सोलापूर महामार्गावरचे लोणी देवकर घ्या किंवा आसपासचे कोणतेही गाव घ्या. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटल्या आणि कॅन घेऊन माणसे उभी असतात. तेथे लॅक्टोमीटर बुडवून दुधाची 'डिग्री' पाहतात, यंत्रावर 'फॅट' काढतात आणि त्यावरून 'एसएनएफ', म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातील बाकीचे घन पदार्थ किती, हे ठरवतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागली की दूध चांगले.

आता एक प्रश्न. याच मापाने आईचे दूध मोजले तर ते कसे ठरेल? प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे. घरात बाळ जन्मले आणि ते जरा जास्त रडू लागले, की कोणीतरी म्हणते, "हिचं दूध पातळ आहे, बाळाला पुरत नाही, वरचं दूध सुरू करा." हे खरे आहे का, ते आपण आकड्यांनीच पाहू.

आकडे सारखे, दूध वेगळे

१०० ग्रॅम दुधात निरनिराळे घटक सरासरी किती ग्रॅम असतात, ते असे :

पाणी : आईचे दूध ८७.८, गाईचे दूध ८७.५
स्निग्धांश : आईचे दूध ४.०, गाईचे दूध ३.८
प्रथिने : आईचे दूध १.०, गाईचे दूध ३.३
दुग्धशर्करा (लॅक्टोज) : आईचे दूध ७.०, गाईचे दूध ४.७
खनिजे : आईचे दूध ०.२, गाईचे दूध ०.७

बेरीज करून पाहा. आईच्या दुधाची फॅट ४.० आणि एसएनएफ ८.२. गाईच्या दुधाची फॅट ३.८ आणि एसएनएफ ८.७. म्हणजे डेअरीच्या हिशेबाने दोन्ही दुधे जवळजवळ एकाच भावाची! आईचे दूध 'पातळ' नसते. ते निळसर आणि विरळ दिसते, याचे एक मुख्य कारण त्यातील केसिन हे प्रथिन कमी असते. दुधाचा पांढरेपणा बराचसा केसिनच्या सूक्ष्म कणांमुळे आलेला असतो.

बेरीज सारखी, पण आतले घटक मात्र अगदी वेगळे, असे का? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दूध तयार होते ते रक्तातून आलेल्या पाण्यापासून आणि पोषक द्रव्यांपासून. दुधाचा परासरणी दाब रक्ताइतकाच राहतो. लॅक्टोज आणि क्षार दोन्ही पाण्यात विरघळतात आणि पाणी आपल्याकडे खेचतात. म्हणून एक वाढला की दुसरा कमी होतो. आईच्या दुधात शर्करा जास्त आणि क्षार कमी. गाईच्या दुधात याच्या उलट.

वासराची घाई, बाळाची सवड

वासराचे वजन सुमारे ५० दिवसांत जन्मवेळेच्या दुप्पट होते. माणसाच्या बाळाला त्यासाठी साधारण ५ महिने लागतात. वासराला झपाट्याने हाडे आणि स्नायू वाढवायचे असतात, म्हणून त्याच्या दुधात प्रथिने आणि खनिजे भरपूर. बाळाच्या शरीराची वाढ सावकाश होते, पण मेंदूची वाढ वेगाने होते. पहिल्या वर्षातच मेंदूचे वजन दुपटीहून अधिक होते.

लहान बाळाला गाईचे दूध दिले तर जादा प्रथिनांपासून बनलेला युरिया आणि जादा क्षार बाहेर टाकण्याचे काम त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर पडते. त्यासाठी पाणी जास्त खर्च होते. मग दुधात पाणी घालावे का? घातले तर ऊर्जा घटते आणि बाळ अर्धपोटी राहते. शिवाय पाण्यातून आणि बाटलीतून जंतू पोटात जाण्याचा धोका असतो तो वेगळाच.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात "बाळाला तहान लागली असेल" म्हणून चमच्याने पाणी पाजतात. हिशेब करा. आईचे दूध रोज ७५० मिलिलिटर पिणाऱ्या बाळाला त्यातून सुमारे ६५० मिलिलिटर पाणी मिळते. म्हणून पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. पाणी, मध, घुटी काहीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे याला अपवाद. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर मऊ भात, वरण, भाकरीचा कुस्करा असे पदार्थ सुरू करायचे असतात.

चीक वासराला, मग बाळाला का नको?

गाय व्याली की शेतकरी वासराला आधी चीक पाजतो. उरलेल्या चिकाचा खरवस होतो. यामागे शास्त्र आहे. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रतिपिंडे वासराच्या रक्तात जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि वासराचे आतडे ती पहिल्या दिवसापुरतीच रक्तात शोषू शकते.

माणसात काही प्रतिपिंडे जन्मापूर्वीच वारेतून बाळाकडे जातात. तरीही आईच्या चिकाचे महत्त्व कमी होत नाही. त्यातील प्रतिपिंडे बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पहारा ठेवतात. पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दोन चमचेच चीक येतो, पण बाळाला तेवढा पुरतो. असे असूनही हे पिवळसर, चिकट दूध 'खराब' म्हणून पिळून टाकण्याची रीत अनेक घरांत होती. जे आपण गोठ्यात कटाक्षाने पाळतो, ते माजघरात विसरावे हे नवलच! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके सुमारे ४२ टक्केच होती.

बाळ दूध कसे ओढते?

बाळ जीभ खाली नेते तेव्हा तोंडातील पोकळीचे आकारमान वाढते आणि दाब कमी होतो. हा दाब बाहेरच्यापेक्षा सरासरी १४५ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी झालेला आढळला आहे. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर असतो हे लक्षात घेतले, तर एवढ्याशा जिवाची ही ताकद थोडी नाही. मात्र त्यासाठी तोंड हवाबंद बसले पाहिजे. बाळाने केवळ स्तनाग्र न धरता भोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला, तरच हे साधते. नाहीतर हवा शिरते, दूध कमी मिळते आणि आईला वेदना होऊन चिरा पडतात. प्रशिक्षित परिचारिका किंवा आशाताई बाळ कसे धरावे हे दाखवू शकतात.

बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूकडे संदेश जातो. प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर ढकलले जाते. विहिरीचा उपसा केला की झरे मोकळे होतात, तसेच येथे घडते. जितके दूध बाळ पिईल तितके नवे तयार होते. स्तन भरलेलाच राहिला तर निर्मिती मंदावते. 'दूध पुरत नाही' म्हणून बाटली सुरू केली, की बाळ आईकडे कमी ओढते आणि दूध खरोखरच कमी होते. पहिल्या आठवड्यानंतर दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

आईचीही काळजी

७५० मिलिलिटर दुधात सुमारे ५०० किलोकॅलरी ऊर्जा असते. ती आईच्या अन्नातून आणि गरोदरपणी साठलेल्या मेदातून येते. म्हणून बाळंतिणीला अळीव, डिंकाचे लाडू देण्याची रीत चांगलीच. पण 'पथ्य' म्हणून पाणी, डाळी, भाज्या, फळे तोडणे चुकीचे. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे तर धोक्याचे आहे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण तो रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची वाट अडवतो.

वेदना, जागरण आणि चिंता यांनी ऑक्सिटोसिनचे काम अडते. प्रसूतीनंतर इतर काही संप्रेरके एकदम घटतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत कारण नसताना रडू येणे हे पुष्कळ स्त्रियांत आढळते. ही 'बाहेरची बाधा' नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, तर तो उपचाराने बरा होणारा आजार आहे, डॉक्टरांकडे जावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये.

ज्यांना आईचे दूध मिळत नाही

आजारपणामुळे किंवा बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असल्यामुळे काही मातांना दूध पाजता येत नाही. यात त्यांचा दोष नसतो. अशा बाळांसाठी १९८९ मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मानवी दूधपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. जगातील पहिली दूधपेढी १९०९ मध्ये व्हिएन्नात निघाली होती.

दूधपेढीचे तंत्र तुमच्या ओळखीचे आहे. डेअरीत दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवून निर्जंतुक करतात. दूधपेढीत दात्या मातांची तपासणी करून त्यांचे दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात, झटकन थंड करतात आणि उणे २० अंशांना गोठवून साठवतात. कमी तापमान आणि अधिक वेळ यांमुळे रोगजंतू मरतात, पण उपयुक्त प्रतिपिंडांचा बराचसा भाग टिकतो.

करून पाहा

१. एकाच गाईच्या पहिल्या धारांचे आणि शेवटच्या धारांचे दूध दोन स्वच्छ बाटल्यांत घ्या. डेअरीवर परवानगी घेऊन दोन्हींची फॅट काढा. शेवटच्या धारांची फॅट जास्त लागेल. आईच्या दुधातही असेच असते. मग बाळ पीत असताना त्याला मध्येच का सोडवू नये, याचे उत्तर आपले आपण लिहा.

२. काही मनुका साध्या पाण्यात आणि काही साखरेच्या दाट पाकात रात्रभर ठेवा. कोणत्या जास्त फुगल्या? लॅक्टोज पाणी कसे खेचते, हे त्यावरून समजून घ्या.

वर दिलेले आकडे वहीत उतरवून घ्या. शेजारीपाजारी बाळंतीण असेल आणि कोणी "दूध पातळ आहे" म्हणाले, तर ही बेरीज त्यांना करून दाखवा.