बर्मिंगहॅमची नालाकृती पागा

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात शीपकोट स्ट्रीटवर, कालव्याच्या अगदी काठाला, विटांची एक वळणदार इमारत उभी आहे. फाटकातून आत पाऊल टाकले की तिचा आकार ध्यानात येतो. घोड्याच्या पायाला ठोकतात त्या नालासारखी ती वळत गेली आहे. मधोमध फरसबंद अंगण आहे आणि मोकळ्या बाजूला फाटकाच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या चौक्या आहेत. 1874 साली नगरपालिकेने बांधलेली ही पागा आणि कोठार आज ‘राउंडहाउस’ म्हणून ओळखले जाते.

पागा कालव्याला लागून बांधण्याचे कारण सरळ आहे. 1769 मध्ये अभियंते जेम्स ब्रिंडली यांच्या कालव्यातून बर्मिंगहॅमला कोळसा येऊ लागला आणि शहराचे नशीब पालटले. रस्त्यावर एका घोड्याने दोनेक टन माल ओढला तरी पुष्कळ. काठावरून चालत तोच घोडा पाण्यावरची पंचवीस-तीस टनांची नाव ओढतो. पुढे अभियंते थॉमस टेलफर्ड यांनी वळणावळणाचा हा जलमार्ग सरळ केला आणि घोड्यांसाठी दोन्ही काठांना वाट ठेवली. शहरातल्या जुन्या पुलांपाशी थांबून लोखंडी कडा पाहाव्यात. त्यांवर खोल चर पडलेले आहेत. नावा ओढणाऱ्या, भिजलेल्या, रेती माखलेल्या दोरखंडांनी वर्षानुवर्षे घासून ते पाडले. एखाद्या चरात बोट सहज बसते.

1873 मध्ये जोसेफ चेंबरलेन महापौर झाले. गॅस आणि पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून नगरपालिकेकडे घेणारे तेच हे चेंबरलेन. रस्ते, दिवाबत्ती, पाणी ही नगरपालिकेची जबाबदारी, हा विचार तिथे मूळ धरत होता. राउंडहाउस त्याच काळातले. रस्त्यांसाठी लागणारे सामान नावांतून धक्क्याला लागायचे, कोठारात साठवले जायचे आणि इथल्याच घोड्यांच्या गाड्यांतून शहरभर जायचे. रस्त्यांवरच्या गॅसच्या दिव्यांची व्यवस्थाही इथूनच चाले.

वास्तुविशारद होते डब्ल्यू. एच. वॉर्ड. शहरातले ‘ग्रेट वेस्टर्न आर्केड’ हे देखणे बाजारदालनही त्यांचेच. पागेचे काम मिळाले म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही. गोलाई इथे नुसती शोभेची नाही. फाटकाशी उभे राहिले की अख्खे अंगण एका नजरेत येते. गाडी वळवताना कुठला कोपरा आड येत नाही. लाल आणि निळसर विटांचा मेळ, वर स्लेटचे छप्पर, सगळीकडे नीटस बांधणी. दाणा-वैरण, खरारा आणि जुंपणी यांसाठीच्या जागेलाही इतक्या विचाराने घडवलेले पाहून वॉर्ड यांच्याविषयी आदर वाटतो.

मोटारी आल्या, विजेचे दिवे आले आणि घोड्यांचे काम संपले. पुढे अनेक वर्षे इमारतीचा बराचसा भाग रिकामा पडून होता. सुदैवाने संरक्षित वास्तूंच्या यादीत तिला वरचा दर्जा होता. कालव्यांची देखभाल करणारा ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ आणि ‘नॅशनल ट्रस्ट’ यांनी एकत्र येऊन, राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीच्या मदतीने तिची डागडुजी केली. 2021 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिथे कार्यालये आली आणि तिथूनच पायी किंवा कयाकमधून कालव्यांच्या सफरी निघू लागल्या.

एरवी सरदार-उमरावांच्या हवेल्या जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ने नगरपालिकेच्या पागेसाठी पदर खोचला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शहर चालते ते रस्ते करणाऱ्यांच्या, दिवे लावणाऱ्यांच्या आणि ओझी ओढणाऱ्या जनावरांच्या कष्टांवर. त्यांच्या कामाच्या जागाही वारसाच आहेत. आपल्या गावातली पालिकेची जुनी कोठारे, पागा आणि धक्के पाडायला निघण्यापूर्वी त्यांना नवे काम देता येईल का, एवढा विचार आपण जरूर करावा.