फाइल वाचून कर्ज देणारी सोसायटी

बर्मिंगहॅमच्या स्नो हिल भागात ‘गोल्डन क्रॉस’ नावाची एक खाणावळ-कम-दारूचा गुत्ता होता. मालक रिचर्ड केटली. 1775 च्या सुमारास तिथे जमणाऱ्या मंडळींनी घर बांधण्यासाठी दरमहा वर्गणी काढायला सुरुवात केली. माहीत असलेली ही पहिली बिल्डिंग सोसायटी. भिशी लावलेल्या मराठी माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. पैसे पुरेसे साठले की एकाचं घर, मग दुसऱ्याचं. घर मिळालेल्यानेही वर्गणी भरत राहायचं आणि शेवटच्याचं घर झालं की सोसायटी मोडायची. पुढे 1840 च्या दशकात न मोडणाऱ्या, कायमच्या सोसायट्या निघाल्या. ज्याला घर बांधायचंच नाही, त्याचीही बचत त्या घेऊ लागल्या आणि त्या बचतीतून गरजवंताला कर्ज देऊ लागल्या.

1900 साली ब्रिटनमध्ये अशा दोन हजारांहून जास्त सोसायट्या होत्या. आज त्या चाळीसच्या आसपास उरल्या आहेत. नेशनवाइड, कोव्हेंट्री, यॉर्कशर या त्यांतल्या थोरल्या. बाकी बऱ्याच आपापल्या गावाचं नाव लावून बसलेल्या: पेनरिथ, अर्ल शिल्टन, किंवा रेल्वे कामगारांसाठी 1877 मध्ये निघालेली स्टॅफर्ड रेल्वे.

या धाकट्या सोसायट्यांकडे कोण जातं? मोठ्या बँकेत तुमचा अर्ज आधी संगणक पाहतो. क्रेडिट स्कोअर, पगार, घराचा प्रकार असे रकाने ठरलेले. रकान्यात बसलात तर पटकन होकार, नाही तर तितकाच पटकन नकार. छोट्या सोसायटीत फाइल अंडररायटरच्या, म्हणजे अर्ज तपासून निर्णय घेणाऱ्या माणसाच्या, टेबलावर जाते आणि तो माणूस ती खरोखर वाचतो. पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स, स्वतःचा धंदा असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचे हिशेब. एखाद्या वर्षी उत्पन्न का घसरलं, हे तिथे सांगता येतं. बाळंतपण, आजारपण, दोन कंत्राटांमधली रिकामी जागा, काहीही असो. कारण पटलं तर अर्ज पुढे सरकतो.

घरासाठी आधी भरायच्या डिपॉझिटचंच घ्या. पुण्याहून वडिलांनी पैसे पाठवले, इतकं सांगून भागत नाही. ही भेट आहे, उसने नाहीत आणि घरावर आपला काही हक्क नाही, असं वडिलांचं सहीचं पत्र लागतं. शिवाय त्यांच्या खात्यात पैसे कुठून आले तेही दाखवावं लागतं. एफडी मोडली असेल तर तिची पावती. आपल्याकडे बापलेकांत असली लिखापढी कुणी करत नाही, त्यामुळे अनेकांना हे जरा अपमानास्पदच वाटतं. पण मनी लाँडरिंगचे नियम सगळ्यांनाच आहेत. फरक इतकाच की शंका आली तर छोट्या सोसायटीतला माणूस फोन करून विचारू शकतो.

घराचंही तसंच. डेव्हनमधली जाड मातीच्या भिंतींची जुनी घरं, गवताच्या छपराची घरं, मच्छी-चिप्सच्या दुकानावरचा फ्लॅट, शेजाऱ्याच्या बोळावर येणारी एखादी खोली. असं काही निघालं की बऱ्याच बँका हात आखडतात. गावातल्या सोसायटीने तसली घरं आधी पाहिलेली असतात आणि ती परत विकली जातात का, हेही तिला ठाऊक असतं. यॉर्कशरच्या सिल्सडन गावातली ‘इकॉलॉजी’ सोसायटी तर 1981 मध्ये निघाली तीच मुळी डागडुजीला आलेल्या आणि पर्यावरणाला जपणाऱ्या घरांना कर्ज मिळावं म्हणून.

याला कुणी दानधर्म समजू नये. माणूस वाचतो म्हणजे सोडून देतो असं नाही. संगणकाच्या नजरेतून सुटलेली खोच त्याला दिसते. वेळ जास्त जातो. व्याजदर पुष्कळदा बड्या बँकेपेक्षा थोडा चढाच असतो.

पैसा मुख्यतः सभासदांचा, म्हणून ही सावधगिरी. कायद्यानेच सोसायटीला निम्मा तरी निधी सभासदांच्या बचतीतून उभारावा लागतो, आणि तीन-चतुर्थांश तरी कर्ज राहत्या घरांवर द्यावं लागतं. ठेव लाखाची असो की शंभराची, मत एकच. ही शिस्त ज्यांना काचली त्या बँका झाल्या: 1989 मध्ये अ‍ॅबी नॅशनल, 1997 मध्ये हॅलिफॅक्स आणि नॉर्दर्न रॉक, 2000 मध्ये ब्रॅडफर्ड अँड बिंगली. सभासदांना फुकटचे शेअर मिळाले, लोक खूश झाले. सप्टेंबर 2007 मध्ये नॉर्दर्न रॉकच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. बँक झालेल्या सोसायट्यांपैकी एकही आज स्वतंत्र उरलेली नाही. सोसायटी राहिल्याने शहाणपण आपोआप येतं असंही नाही. व्यापारी इमारतींना कर्जं देऊन स्कॉटलंडची डनफर्मलिन 2009 मध्ये बुडाली, तेव्हा ती सोसायटीच होती.

तेव्हा ब्रिटनमध्ये घर घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींनी हिशेब सरळ ठेवावा. कायम नोकरी, नेमका पगार आणि साधं विटांचं घर असेल तर बड्या बँकेचा स्वस्त दर घ्या, उगाच भावनेत अडकू नका. मात्र व्हिसाची थोडीच वर्षं उरली असतील, कॉन्ट्रॅक्टवर काम असेल किंवा मन जुन्या, वेड्यावाकड्या घरावर बसलं असेल, तर अर्ज भरण्याआधी जवळच्या सोसायटीला फोन करून आपली सगळी परिस्थिती सांगा. कारण एकामागोमाग एक अर्ज भरत सुटलात तर प्रत्येकाची नोंद तुमच्या क्रेडिट फाइलवर राहते.