गृहपत्रिका काढण्यापूर्वी

कंपनीची पत्रिका काढायचे ठरले, की पहिली चर्चा होते मुखपृष्ठाची आणि साहेबांच्या मनोगताची. खरे तर आधी वाचक ठरवावा.

१९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचेच ते पत्र. पण वाचकाला हवा असलेला मजकूर त्यात वाढत गेला, १९२९मध्ये ‘खबर’ हा शब्द गळला आणि ‘किर्लोस्कर’ मासिक घरोघरी पोचले. मराठीत याहून चांगला धडा मला माहीत नाही.

यंत्रमाग आणि गोदामांच्या भिवंडीत मात्र वाचक ठरवणे सोपे नाही. यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार; महामार्गालगतच्या गोदामांत आसपासच्या गावांतली मुलेमुली. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, यांपैकी कोणत्या भाषेत छापायचे, हे मालकाने कार्यालयात बसून ठरवू नये. पाळी सुटताना दारात उभे राहून विचारावे. ग्राहकांसाठीची पत्रिका वेगळीच काढावी, कारण कापड व्यापाऱ्याला भाव आणि नवे वाण हवे असतात.

कामगारांच्या अंकाला चार पाने पुरतात, तिमाही निघाला तरी चालेल. मात्र ठरल्या तारखेला निघावा. भविष्यनिर्वाह निधीची कपात पगारचिठ्ठीत कशी वाचायची, याला एक पान द्यावे. दुसरे पान चित्रांचे: धागा तुटल्यावर आधी माग बंद करायचा, मगच हात घालायचा. तिसरे कामगारांच्या स्वतःच्या मजकुराचे, त्यांच्या नावासह. मनोगताला चौथ्या पानावर जागा उरेल तेवढी.